मोहाचपासून निझिपपर्यंत : उस्मानी फौज का थबकली?

इ. स. १५२६. २१ एप्रिल रोजी पानिपतावर बाबराने इब्राहिम लोदीचा पराभव केला. त्यानंतर चार महिन्यांनी, २९ ऑगस्टला, हजारो मैल दूर हंगेरीतील मोहाच येथे उस्मानी सुलतान सुलेमानाने हंगेरीच्या फौजेचा अवघ्या काही तासांत निकाल लावला. हंगेरीचा तरुण राजा दुसरा लुई पळताना ओढ्यात पडून मेला. पानिपत आपल्याला शाळेपासून पाठ असते. मोहाच मात्र आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही.

तरीही या दोन रणांगणांना जोडणारा एक दुवा आहे आणि तो खुद्द बाबरानेच नोंदवून ठेवला आहे. पानिपतावर त्याने सातशे गाड्या गोळा केल्या, कच्च्या कातड्याच्या दोरांनी त्या एकमेकींना बांधल्या, मधल्या जागांत आडोसे उभे केले आणि त्यामागे बंदूकधारी बसवले. ही रीत कोणाची? बाबर सांगतो, रूमची. रूम म्हणजे उस्मानी मुलूख, ज्याला आज आपण ऑटोमन साम्राज्य म्हणतो. त्याच्या सैन्यातील मुस्तफा नावाचा तोफांचा जाणकारही ‘रूमी’च होता.

म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभी लढाईची नवी विद्या ज्यांच्याकडून घ्यावी, असे उस्मानी होते. हीच फौज १७७० मध्ये कागुल नदीकाठी स्वतःच्या तुलनेत कितीतरी लहान अशा रशियन सैन्यासमोर उधळली गेली. मधल्या अडीचशे वर्षांत नेमके काय घडले?

याचे नेहमीचे उत्तर दोन वाक्यांत संपते : सुलतान विलासी झाले, आणि धर्ममार्तंडांनी नवे काही येऊ दिले नाही. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते टिकले आहे. माझ्या मते ते बरेचसे चुकीचे आहे. का, ते या धाग्यात पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

आरंभ गाड्यांपासूनच करू. गाड्यांचा कोट रचून त्यातून तोफा-बंदुका डागण्याची युक्ती मुळात उस्मानींची नव्हे. पंधराव्या शतकात बोहेमियातील हुसाइट बंडखोरांनी सरदारी घोडदळाला तोंड देण्यासाठी ती वापरली. त्यांच्याकडून ती हंगेरीचा सेनानी यानोश हुन्यादी याने उचलली आणि १४४३-४४ च्या मोहिमांत उस्मानींवरच चालवली. उस्मानींनी मार खाल्ला, पाहिले आणि ती आत्मसात केली. हंगेरियन भाषेतील ‘ताबोर’ हा शब्दही त्यांनी सोबत घेतला. तुर्की भाषेत आजही पलटणीला ‘ताबुर’ म्हणतात. शत्रूकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, याचा हा शब्द म्हणजे साक्षीदारच.

दुसरे उदाहरण सर्वांना ठाऊक असलेले. ऑर्बन नावाचा एक हंगेरियन तोफ ओतणारा प्रथम कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सम्राटाकडे गेला. सम्राटाकडे त्याला द्यायला पैसा नव्हता. मग तो दुसऱ्या मेहमदकडे आला, आणि त्याने एदिर्नेत ओतलेली महाकाय तोफ १४५३ मध्ये त्याच सम्राटाच्या तटासमोर येऊन उभी राहिली. कारागिराचा धर्म कोणता, हा प्रश्न मेहमदला पडला नाही. विद्येचा मोबदला किती, एवढाच पडला.

आता या कथेचे मुख्य पात्र : येनिचेरी. इंग्रजी पुस्तकांत हेच ‘जॅनिसरी’. शब्दाचा अर्थ ‘नवे सैन्य’. (हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे तो टोचणार आहे.) बाल्कन प्रदेशातील ख्रिस्ती कुटुंबांतून मुले सक्तीने उचलायची, त्यांना मुसलमान करायचे, वर्षानुवर्षे शिस्तीत वाढवायचे आणि थेट सुलतानाच्या चाकरीत घ्यायचे, या पद्धतीला ‘देवशिर्मे’ म्हणत. तिचे कितीही कौतुक झाले तरी ज्या आईचे मूल गेले तिच्यासाठी तो करच होता, आणि तो पोटच्या गोळ्याने भरायचा होता.

लष्करी दृष्टीने मात्र ही असामान्य गोष्ट होती. बाराही महिने पगारी असलेले, घरदार नसलेले, केवळ सुलतानावर अवलंबून असलेले पायदळ त्या काळच्या युरोपात कोणाकडे नव्हते. उस्मानी फौजेचा दुसरा पाय होता तिमारी घोडेस्वारांचा. गावच्या महसुलाचा वाटा घ्यायचा आणि बोलावणे आले की घोडा व हत्यारे घेऊन हजर व्हायचे, अशी ही व्यवस्था आपल्याकडील सरंजामाच्या जवळ जाणारी होती. मोहाचच्या सुमारास येनिचेरी साधारण आठ हजार होते. घोडेस्वार त्यांच्या कैक पट.

या आठ हजारांच्या हाती बंदूक लवकर आली आणि ती त्यांनी मनापासून स्वीकारली. २३ ऑगस्ट १५१४ रोजी चाल्दिरान येथे सुलतान सेलिमने इराणच्या शाह इस्माईलला गाठले. इस्माईलचे किझिलबाश घोडेस्वार शूर होते आणि आपल्या शाहला दैवी मानत होते. साखळ्यांनी जखडलेल्या गाड्या, त्यांमधील तोफा आणि येनिचेरींच्या बंदुका यांपुढे ते शौर्य टिकले नाही. पुढे १५१६ मध्ये मर्ज दाबिक आणि १५१७ मध्ये रैदानिया अशा दोन लढायांत इजिप्तची मामलुक सत्ताच संपली.

मामलुकांचे उदाहरण जरा थांबून पाहण्याजोगे आहे. ते घोड्यावरचे व्यावसायिक योद्धे होते. मंगोलांना १२६० मध्ये ऐन जालूत येथे हरवणारे तेच. त्यांना बंदूक माहीत नव्हती असे नाही. त्यांच्याकडे तोफा होत्या, बंदूकधारी तुकड्याही उभारल्या होत्या. पण बंदूक हे त्यांच्या लेखी गुलामांचे व हलक्या लोकांचे हत्यार होते. घोडा, भाला आणि धनुष्य यांवर ज्याची प्रतिष्ठा उभी त्याने पायउतार होऊन बंदूक का धरावी? हत्यार बदलणे सोपे असते. हत्यारावर उभी असलेली पदे, पगार आणि पत बदलणे कठीण. येनिचेरींना तेव्हा गमावण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून ते बदलले.

जाता जाता महाराष्ट्रापुरते एक. विजापूरच्या बुरुजावरची ‘मुलूख मैदान’ तोफ अनेकांनी पाहिली असेल. ती १५४९ मध्ये ओतली गेली अहमदनगरात, निजामशाहीसाठी, आणि तिचा कर्ता होता एक रूमी कारागीर. पुढे परांडा किल्ल्यावरून ती विजापूरला गेली. दख्खनच्या दरबारांत त्या काळी ‘रूमी’ ही उपाधी म्हणजे तोफखान्याचे प्रशस्तिपत्रच होते.

तर मग घसरण कुठे सुरू झाली? माझ्या वाचनात या कथेतील खरे वळण १५९३ ते १६०६ च्या दीर्घ युद्धात आहे. हॅब्सबर्ग सम्राटाशी हंगेरीत तेरा वर्षे चाललेल्या या युद्धात उस्मानींना प्रथमच जाणवले की समोरच्या फौजेत बंदूकधारी पायदळाचे प्रमाण प्रचंड वाढले आहे आणि आपल्या तिमारी घोडेस्वारांचा त्यांच्यापुढे टिकाव लागत नाही. बोस्नियाचा विद्वान काझी हसन काफी अक्हिसारी याने १५९६ मध्येच राज्यव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात शत्रूच्या नव्या हत्यारांचा आणि आपल्या बेफिकिरीचा उल्लेख करून ठेवला आहे. धोका कळला नव्हता, असे कोणी म्हणू नये. एका काझीलाही तो कळला होता.

आणि उस्मानींनी उपायही केला. एक म्हणजे येनिचेरींची संख्या वाढवली : १६०९ च्या सुमारास ती सदतीस हजारांवर गेली. दुसरे म्हणजे अनातोलियातील भूमिहीन तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांच्या हंगामी तुकड्या उभ्या केल्या. १६०५ च्या एस्तरगोमच्या वेढ्यातील वर्णनावरून तर असे दिसते की येनिचेरी रांगांनी उभे राहून आळीपाळीने बार काढत होते. नेदरलँड्समध्ये याच तंत्राचे प्रयोग नुकतेच १५९० च्या दशकात सुरू झाले होते. याला साचलेपण कसे म्हणायचे?

पण या उपायातच पुढच्या दुखण्याचे बीज होते. हे नीट समजून घेऊ.

आठ हजार माणसे देवशिर्मेतून मिळत होती. सदतीस हजार मिळणे शक्य नव्हते. म्हणून दारे उघडली गेली : येनिचेरींचे मुलगे, शहरातील मुसलमान तरुण, ओळखीपाळखीचे लोक. लग्नावरची जुनी बंदी सोळाव्या शतकातच सैल झाली होती. त्यात १५८० च्या दशकात उस्मानी चांदीच्या नाण्यातील चांदी जवळपास निम्मी करण्यात आली. पगार आकड्याने तोच, बाजारात त्याची किंमत अर्धी. १५८९ मध्ये इस्तंबूलच्या पगारी सैनिकांनी हलक्या नाण्यांचा पगार नाकारून राजवाड्यावर मोर्चा नेला, जबाबदार अधिकाऱ्यांची शिरे मागितली, आणि ती त्यांना मिळाली.

बायको-मुले आहेत, पगार पुरत नाही. मग माणूस काय करील? येनिचेरी दुकाने चालवू लागले. कोणी खाटीक, कोणी नावाडी, कोणी कॉफीगृहाचा मालक. त्यांना आळशी ठरवण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा. राज्यानेच त्यांना कमी पैशांत जास्त संख्येने ठेवले होते. आता तो सैनिक बाजारपेठेचा, गल्लीचा, कारागिरांच्या श्रेणीचा माणूस झाला. कर वाढला की बाजार चिडे, आणि बाजार चिडला की बंदुका घेऊन रस्त्यावर कोण येई? येनिचेरी.

म्हणून काही आधुनिक इतिहासकार म्हणतात की येनिचेरी हा सतराव्या-अठराव्या शतकातील सुलतानांच्या मनमानीवरचा एकमेव खरा अंकुश होता. हे मत पूर्णपणे पटत नसले तरी ते दुर्लक्षिता येत नाही. त्यांच्या फौजेला ‘ओजाक’ म्हणजे चूल म्हणत; अधिकाऱ्याची एक पदवी होती ‘चोर्बाजी’, सूप करणारा. सुलतानाचे अन्न शिजवण्याचा मोठा हंडा हे त्यांचे मानचिन्ह. तो हंडा चौकात आणून उलटा केला, की बंड. तुझे अन्न आम्हाला नको, असा त्याचा अर्थ.

१६२२. सुलतान दुसरा उस्मान वयाने सतरा वर्षांचा. आदल्या वर्षी पोलंडविरुद्ध खोतिनची मोहीम फसली होती आणि त्याने दोष येनिचेरींवर ठेवला. हजच्या निमित्ताने आशियात जायचे आणि तिकडे नवी फौज उभारायची असा त्याचा बेत असल्याची बातमी फुटली. त्याच्याजवळ नवी फौज अद्याप नव्हती. होता तो केवळ बेत. येनिचेरींनी त्याला पदच्युत केले आणि येदिकुले किल्ल्यात त्याचा जीव घेतला. सुलतानाची हत्या त्याच्याच सैनिकांनी करावी, हे उस्मानी इतिहासात प्रथम घडले. पुढच्या प्रत्येक सुधारकाच्या उशाशी ही आठवण झोपत असे.

यानंतरच्या सुधारणापत्रांतील सूर पाहण्यासारखा आहे. १६३० च्या सुमारास कोची बेने सुलतान चौथा मुराद याला निवेदन लिहिले : फौजेत परके घुसले आहेत, जुने नियम मोडले आहेत, सुलेमानाच्या काळासारखे करा. म्हणजे औषध भूतकाळात शोधायचे. पण अशा निवेदनांवरून ‘साम्राज्य तेव्हाच कुजले होते’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ती दरबारातील एका बाजूने दुसऱ्या बाजूविरुद्ध लिहिलेली असत. तक्रारीच्या कागदांवरून इतिहास लिहायचा, तर कोणतेही राज्य रोजच बुडत असते.

वस्तुस्थिती अशी की सतरावे शतक उस्मानींना तसे वाईट गेले नाही. दारूगोळ्यात ते स्वयंपूर्ण होते. इस्तंबूलचा तोफखाना अखंड चालू होता. वेढ्याच्या कामात, विशेषतः सुरुंग लावण्यात, ते युरोपातील कोणाहीपेक्षा कमी नव्हते. क्रीट बेटावरील कँडिया शहराचा वेढा १६४८ ला सुरू होऊन १६६९ ला संपला. एकवीस वर्षांनी का होईना, व्हेनिसला शहर सोडावे लागले. १६८३ मध्ये व्हिएन्नाचा वेढा फसला तो तटबंदीखालच्या सुरुंगांमुळे नव्हे, ते तर चांगलेच चालले होते. पाठीवर येणाऱ्या मदतीच्या फौजेकडे कारा मुस्तफाने दुर्लक्ष केले, म्हणून तो फसला.

खरा फरक मोकळ्या मैदानात पडू लागला होता, आणि त्याची कारणे बंदुकीपेक्षा खोल होती. तीस वर्षांच्या युद्धाने युरोपातील राजांना शिकवले की सैन्य मोहिमेपुरते भाड्याने घेण्यापेक्षा कायम पोसावे, त्याला रोज कवायत करायला लावावी, अधिकाऱ्यांना पाठ्यपुस्तके द्यावीत, आणि या सगळ्याचा खर्च कर व कर्ज यांच्या पक्क्या यंत्रणेतून काढावा. शतकाच्या अखेरीस तोड्याच्या बंदुकीऐवजी चकमकीची बंदूक आली आणि तिच्या तोंडाला संगीन बसली. भालाईत आणि बंदूकधारी एकाच शिपायात मावले. हत्यारे उस्मानींना विकत घेता येत होती, करताही येत होती. परंतु हजार माणसांनी एका इशाऱ्यावर एकच हालचाल करायची, तर त्यांना वर्षभर बराकीत ठेवावे लागते. उस्मानी शिपाई मात्र सकाळी दुकान उघडत होता.

१६९७ मध्ये झेंता येथे नदी ओलांडत असतानाच सेवॉयच्या यूजीनने उस्मानी फौज कापून काढली. १६९९ च्या कार्लोविट्झ तहाने हंगेरीचा बहुतेक भाग गेला.

याच वेळी शेजारी एक समांतर नाटक चालू होते. रशियातही एक ‘येनिचेरी’ होते : स्त्रेल्त्सी. सोळाव्या शतकात इव्हान चौथ्याने उभारलेले हे बंदूकधारी पायदळ तसेच वंशपरंपरागत, तसेच व्यापार करणारे, तसेच राजधानीत दंगे घडवणारे झाले. १६८२ च्या त्यांच्या बंडात दहा वर्षांच्या पीटरने आपल्या आप्तांची हत्या डोळ्यांदेखत पाहिली. १६९८ मध्ये तो युरोपच्या प्रवासात असताना त्यांनी पुन्हा उठाव केला. पीटर परतला, हजारावर लोकांना देहान्त शासन झाले आणि ती फौज मोडली गेली.

उस्मान आणि पीटर यांच्यातील फरक धैर्याचा नव्हता. पीटरजवळ तोवर दोन नव्या पलटणी तयार होत्या. लहानपणी खेळातले शिपाई म्हणून जमवलेली ती पोरे आता प्रिओब्राझेन्स्की आणि सिम्योनोव्स्की या नावांनी खरी फौज झाली होती. आधी पर्याय, मग प्रहार. हा क्रम इस्तंबूलला साधायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. अर्थात पीटरची फौजही अजिंक्य नव्हती : १७११ मध्ये प्रुत नदीकाठी उस्मानींनी त्याला असे घेरले की अझोव्ह परत देऊन त्याला सुटका करून घ्यावी लागली.

प्रुतच्या या विजयाने उस्मानींचे नुकसानच झाले असावे. आपले जुने ते ठीकच आहे, असा समज त्यातून बळावला. तरीही शिकण्याची धडपड थांबली नव्हती. इस्तंबूलमध्ये तुर्की भाषेचा पहिला छापखाना काढणारा इब्राहिम मुतेफेर्रिका हा जन्माने ट्रान्सिल्वेनियाचा. १७३२ मध्ये त्याने स्वतःच्या छापखान्यातून एक पुस्तक काढून युरोपीय सैन्यांची रचना, शिस्त आणि कवायत यांची चर्चा केली. मूळचा फ्रेंच असलेला काउंट बोनव्हाल धर्म बदलून ‘हुंबराजी अहमद पाशा’ झाला आणि त्याने उखळी तोफांच्या पथकाची नव्याने बांधणी केली. उस्कुदारला भूमितीची शाळाही निघाली. १७३९ मध्ये उस्मानींनी ऑस्ट्रियाकडून बेलग्रेड परत मिळवले.

आणि मग शांतता आली. १७३९ ते १७६८ या काळात युरोपच्या सरहद्दीवर उस्मानींचे एकही मोठे युद्ध झाले नाही. प्रजेच्या दृष्टीने ही चांगलीच वर्षे होती. पण याच काळात उरलेला युरोप ऑस्ट्रियन वारसायुद्ध आणि सप्तवार्षिक युद्ध यांच्या भट्टीतून जात होता. रशियाचे सेनापती प्रशियाच्या फ्रेडरिकशी लढून तयार होत होते. तीस वर्षांत एक पिढी निवृत्त होते. उस्मानी फौजेत असा अधिकारीच उरला नाही, ज्याने मोठी मोहीम चालवली आहे, पाव लाख माणसांची भाकरी महिनाभर पुरवली आहे.

शांततेत आणखी एक गोष्ट फोफावली. येनिचेरीला पगाराची चिठ्ठी मिळे. तिला ‘एसामे’ म्हणत. ही चिठ्ठी विकता येऊ लागली. मेलेल्या शिपायाचे नाव पटावरून निघत नसे. त्याची चिठ्ठी कोणी व्यापारी, कोणी अधिकारी, कोणी विधवा उत्पन्नाचे साधन म्हणून बाळगून असे. फौज कागदावर वाढत गेली; एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पटावरची नावे लाखाच्या घरात होती, रणावर जाणारे त्यांतले थोडे. खोट्या हजेरीपटाची गोष्ट मराठी वाचकाला नवी वाटू नये. पेशवाईतील सरदारांच्या पथकांबद्दलही ही कुरकुर होतीच. पण इस्तंबूलमध्ये ती चिठ्ठी हजारो घरांची ठेव झाली होती. येनिचेरी बरखास्त करणे म्हणजे या सगळ्यांचे पैसे बुडवणे, असा अर्थ झाला. सुधारणेच्या आड धर्मग्रंथाआधी हा कागदाचा कपटा उभा होता.

१७६८ मध्ये रशियाशी युद्ध पेटले. १ ऑगस्ट १७७० रोजी कागुल येथे सेनापती रुम्यान्त्सेव्हने आपले पायदळ चौकोनी व्यूहांत पुढे नेले. उस्मानी घोडदळ व्यूहांभोवती लाटांसारखे फिरले. येनिचेरींनी एक हल्ला इतक्या जोमाने केला की एक व्यूह क्षणभर फुटलाही. शौर्यात कमतरता नव्हती. पण मोडलेला रशियन व्यूह पुन्हा जुळत होता, आणि फुटलेला उस्मानी जमाव पुन्हा जमत नव्हता. कवायतीचा अर्थ एवढाच. त्याच उन्हाळ्यात चेश्मेच्या उपसागरात उस्मानी आरमार जळाले. १७७४ चा कुचुक कायनार्जाचा तह झाला; १७८३ मध्ये क्रिमिया रशियाने गिळला.

१७८९ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या सेलिमने १७९२-९३ पासून ‘निझाम-ए-जदीद’, म्हणजे नवी व्यवस्था, सुरू केली. तिच्यासाठी वेगळा खजिना, वेगळ्या बराकी, युरोपीय कवायत. येनिचेरी म्हणजे ‘नवे सैन्य’; त्यांच्याच उरावर आता दुसरे नवे सैन्य. १७९९ मध्ये अक्का शहरात नेपोलियनला रोखणाऱ्यांत या नव्या शिपायांचा वाटा होता. १८०६ पर्यंत ते वीस हजारांवर गेले.

याच दशकात इकडे महादजी शिंदे हाच प्रश्न सोडवत होते, हे मुद्दाम सांगतो. १७८४ पासून द बॉइन्यने त्यांच्यासाठी उभे केलेले कवायती कंपू १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे लढाया जिंकत होते. महादजींना येनिचेरींसारखा राजधानीत रुतलेला अडथळा नव्हता, म्हणून त्यांचे काम सेलिमपेक्षा सोपे झाले. त्यांची अडचण निराळी : कंपूंचे वरचे अधिकारी परके, आणि १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच त्यांतील अनेक जण दौलतराव शिंद्यांची चाकरी सोडून गेले. सेलिमने परके शिक्षक आणले, पण फौज त्यांच्या हवाली केली नाही. दोघांच्या वाटा वेगळ्या, खड्डेही वेगळे.

सेलिमचा खड्डा मे १८०७ मध्ये आला. बॉस्फरसवरील किल्ल्यांच्या शिबंदीला नवा गणवेश घालण्याचा हुकूम झाला आणि कबाकची मुस्तफाच्या नेतृत्वाखाली तिने उठाव केला. वीस हजारांची नवी फौज असताना सेलिमने ती वापरली नाही. उलट ती मोडत असल्याचे जाहीर करून गादी वाचवण्याचा प्रयत्न केला. दोन्ही गेल्या. पुढच्या वर्षी त्याला सोडवायला मित्रपक्षाची फौज राजवाड्याच्या दारात आली, तेव्हा आत त्याचा खून पाडण्यात आला. याच गोंधळातून जिवंत सुटलेला त्याचा चुलत भाऊ दुसरा महमूद गादीवर बसला.

महमूदने अठरा वर्षे वाट पाहिली. या काळात त्याने येनिचेरींच्या वरच्या जागांवर एकेक करून आपली माणसे बसवली, तोफखाना खूश ठेवला, उलेमांना विश्वासात घेतले. मधल्या काळात ग्रीक बंड येनिचेरींना आवरले नाही; ते आवरायला इजिप्तच्या महंमद अलीची कवायती फौज बोलवावी लागली, आणि तिने १८२६ च्या एप्रिलमध्ये मेसोलोंगी घेतले. सगळे शहर ही तुलना पाहत होते. मेअखेर महमूदने उलेमांच्या संमतीनेच नव्या कवायती तुकड्यांचा हुकूम काढला. धर्ममार्तंड सुधारणेच्या आड आले म्हणणाऱ्यांनी ही संमती लक्षात घ्यावी.

१४ जूनच्या रात्री हंडे चौकात आले, उलटे झाले. पण या वेळी राजवाडा तयार होता. प्रेषितांचा ध्वज बाहेर काढला गेला, शहरातील लोक त्याखाली जमले, आणि १५ जूनला तोफांनी येनिचेरींच्या बराकीचे दार फोडले. आत आग लागली. हजारो मेले, हजारो हद्दपार झाले. त्यांची विशिष्ट टोपी कोरलेले थडग्यांवरचे दगडही फोडण्यात आले. त्यांच्याशी जोडलेल्या बेक्ताशी पंथावर बंदी आली. सरकारी दप्तरात या दिवसाचे नाव पडले ‘वाका-ए-खैरिये’, शुभ घटना. बराकीत जळालेल्यांत नावाडी होते, हमाल होते, चिठ्ठीवर जगणाऱ्यांची मुले होती. त्यांच्या घरी तिला काय म्हणत, ते दप्तरात नाही.

नव्या फौजेला नाव मिळाले ‘महंमदाचे विजयी सैनिक’. जुने मेहतर बॅंड बंद झाले, आणि नवे संगीत शिकवायला १८२८ मध्ये इटलीहून जुझेप्पे दोनिझेत्ती आला, प्रसिद्ध संगीतिकाकाराचा थोरला भाऊ. पण वाद्यवृंद बसवणे सोपे, अधिकारी घडवणे कठीण. जुनी फौज एका दिवसात गेली होती. नवी उभी राहायला पिढी हवी होती, आणि शेजारी तेवढे थांबणारे नव्हते. १८२७ मध्ये नवारिनोला आरमार बुडाले. १८२९ मध्ये रशियन फौज एदिर्नेत होती, तीच एदिर्ने जिथे ऑर्बनने तोफ ओतली होती.

त्याहून मोठा घाव घरातूनच आला. महंमद अलीने सुलतानाविरुद्ध बंड केले, आणि डिसेंबर १८३२ मध्ये त्याचा मुलगा इब्राहिम पाशा याने कोन्या येथे वड्या वजिरालाच कैद केले. महमूदने पुन्हा जमवाजमव केली. प्रशियातून अधिकारी मागवले, त्यांत हेल्मुट फोन मोल्टके हा तरुण कॅप्टन होता. २४ जून १८३९ रोजी निझिप येथे दोन फौजा समोरासमोर आल्या, दोन्ही युरोपीय कवायतीच्या, दोन्ही ‘नव्या’. मोल्टकेने मागे हटून मजबूत जागा धरण्याचा सल्ला दिला, सेनापती हाफिझ पाशाने तो मानला नाही, आणि सुलतानाची फौज उधळली. ही बातमी इस्तंबूलला पोहोचण्यापूर्वीच, १ जुलै रोजी, दुसरा महमूद वारला होता.